थंडी कोणालाच वाजत नाही

आमच्या प्रार्थनागृहात हिवाळ्यात बोलताना तोंडातून वाफ निघते, पण थंडी मात्र कोणालाच वाजत नाही. मी थट्टा करत नाहीये. मी एकेकाला गाठून विचारलं आहे.

जुन्या इमारतींत माणसांना नीट बसता-उठता यावं आणि तरीही वीज पाण्यासारखी वाहू नये, यासाठी काय करावं ते सांगणं हा माझा धंदा. मी कचेऱ्या केल्या, वाचनालयं केली, एक अख्खं संग्रहालय केलं. पण ज्या इमारतीत लहानपणापासून दर आठवड्याला कुडकुडले, तिला हात लावायला मला चाळिशी गाठावी लागली. तिथल्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष माझे बाबा आहेत, प्रार्थनाही तेच चालवतात, आणि बाबांच्या लेखी मी अजून प्रार्थनेत चुळबुळ करणारी मुलगीच आहे.

इमारत सुंदर आहे, हे आधीच सांगून टाकते. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, उंच अरुंद खिडक्या आणि वर लाकडी छतावर रंगवलेलं आकाश. निळ्या रंगावर सोनेरी चांदण्या, कडेने वेली आणि वेलींत बसलेले पक्षी. ते छत बघायला लोक लांबून येतात, माना वर करून फोटो काढतात आणि थोड्याच वेळात हात चोळत बाहेर पडतात. आम्ही खाली दगडी फरशीवर पाय टेकवून, ताठ पाठीच्या बाकांवर तासभर बसतो. फरशी पायांतली ऊब ओढून घेते, काचांपाशी गार झालेली हवा भिंतीवरून घसरत मानेवर येते, आणि बसलेलं माणूस खालून-वरून दोन्हीकडून गारठत जातं. यात गूढ असं काही नाही.

समितीने मला पाहणी करायला सांगितलं ते नाइलाजाने. दर हिवाळ्यात येणारी माणसं कमी होत चालली होती, आणि उन्हाळ्यात परत येणारीही पहिल्याइतकी नसत. सेक्रेटरी शाळेत गणित शिकवतात. त्यांना रिकामे बाक बघवत नव्हते. त्यांनीच बाबांना गळ घातली. बाबा म्हणाले, "बघू दे तिला. बघायला काय जातंय."

मी थर्मामीटर लावले, फरशी मोजली, खिडक्यांच्या फटींशी उदबत्ती धरून वारा कुठून येतो ते पाहिलं. पण यंत्र हवेचं सांगतं. माणसाला कसं वाटतं ते माणसालाच विचारावं लागतं. म्हणून प्रार्थना सुटल्यावर मी दाराशी उभी राहिले.

पहिली आली माझी आत्या. नाक लाल, ओठ निळे, आणि शालीवर शाल.

"आत्या, थंडी वाजली का गं आत?"

"छे गं. मला तर उलट उकडत होतं."

तिच्यामागून औषधवाले काका आले. चौकातलं औषधांचं दुकान त्यांनी आता सुनेकडे सोपवलंय, पण नाव तेच राहिलंय. दोन्ही हात काखेत घातलेले, आणि गुडघे असे आखडलेले की पायरी उतरायला त्यांना माझा खांदा धरावा लागला.

"काका, थंडी?"

"मन लागलं की कसली थंडी, बेटा."

एका तरुण आईच्या कडेवरचं बाळ असं गुंडाळलं होतं की फक्त नाकाचा शेंडा दिसत होता. ती हसून म्हणाली, "आम्हाला सवय आहे हो." असं करत मी त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकाने मला छान, मस्त, काही त्रास नाही असं सांगितलं. माझ्या आजवरच्या कामात एवढे सुखी लोक मला कुठल्याच इमारतीत भेटले नव्हते.

मला हसू आलं नाही, राग आला. कारण हे खोटं कुठून येतं ते मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी मी तळवे चोळले की बाबा हळूच चिमटा काढत. देवाच्या दारात येऊन थंडी वाजते म्हणणं म्हणजे मन जाग्यावर नसल्याची कबुली, असंच आम्ही ऐकत मोठे झालो. श्रद्धा खरी असेल तर अंगाला काही कळत नाही. आणि कळलंच, तर मूग गिळून बसायचं.

समितीच्या बैठकीत मी जे पाहिलं ते सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू सगळ्यांना विचारलंस ना? काय म्हणाले?"

"थंडी वाजत नाही म्हणाले."

"मग?"

"बाबा, ते खोटं बोलतायत."

"सगळे?" बाबांनी समितीकडे पाहिलं. "प्रार्थनागृहात उभं राहून सगळे खोटं बोलले, आणि खरं फक्त तुझ्या थर्मामीटरने सांगितलं?"

समिती हसली. सेक्रेटरीसुद्धा हसले, आणि हसता हसता त्यांनी कोटाची कॉलर वर केली.

बाबांच्या विरोधामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती खोटी नव्हती. मी कॉलेजात असताना तेव्हाच्या समितीने गरम हवा फेकणारं एक भलंमोठं यंत्र आणून बसवलं होतं. यंत्र सुरू झालं की कान किटायचे. गरम हवा हलकी, ती तडक वर जायची. खाली पाय गारच राहायचे, आणि वर रंगवलेलं आकाश तापायचं. प्रार्थना संपली की यंत्र बंद, छत पुन्हा गार. त्या लाकडाने असे हिसके दोन हिवाळे सोसले. मग एक दिवस चांदण्या गळायला लागल्या. निळ्या रंगाचे पापुद्रे बाकांवर पडलेले बाबांनी वेचले आणि औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरून ठेवले. यंत्र त्यांनी भांडून काढायला लावलं आणि त्या दिवसापासून कानाला खडा लावला. या इमारतीत उष्णता येणार नाही.

बैठकीत त्यांनी कपाटातून ती बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे परत होऊ द्यायचं का?"

"नाही होणार," मी म्हटलं. "मी इमारत तापवायला निघालेच नाहीये. मला माणसं तापवायची आहेत."

मग मी समजावून सांगितलं. बाकाच्या बैठकीखाली एक पातळ पट्टी बसवायची, आणि पायांखाली एक चटई. दोन्ही विजेवर हळू तापतात, चटका बसेल इतकी नाही, मांजर मांडीवर बसल्यावर वाटतं तेवढी. कोणी बसलं की चालू, उठलं की बंद. खिडक्यांना आतून दुसरी काच लावायची, म्हणजे मानेवरचा वारा थांबेल. हवा आहे तशीच गार राहील. छताला पत्तासुद्धा लागणार नाही, आणि त्या जुन्या यंत्राच्या मानाने वीज अगदीच किरकोळ. लाकडात एकही खिळा नाही, सगळं चिमट्यांनी धरलेलं, हवं तेव्हा निघणारं.

बाबांनी माझं बोलणं नीट ऐकलं. ऐकून घेण्यात ते कधी कमी पडत नाहीत, म्हणून तर त्यांच्याशी भांडताना नाकी नऊ येतात. शेवटी म्हणाले, "उपाय चांगला असेल. पण दुखणं कोणाला आहे? मागतंय कोण?"

मागणारी एक होती, ती माझी आई. पण तिने मला बोलायची बंदी केली होती.

आईने प्रार्थनेला जाणं सोडून वर्ष होऊन गेलं होतं. आधी डोकं दुखतं म्हणाली, मग घरी कोणीतरी येणार आहे म्हणाली, मग कारणं सांगायचंच सोडून दिलं. बाबा दर वेळी दाराशी थांबून विचारत, "येतेस?" ती म्हणे, "तुम्ही व्हा पुढे." खांबाशेजारचा तिचा बाक रिकामा राहायला लागला. बाबांनी मनाशी ठरवून टाकलं की वयाबरोबर हिची श्रद्धा पातळ झाली. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण तिच्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत एक समजूतदार दया यायची. ती दया मला सहन होत नसे.

एकदा भाजी निवडताना मी आईला थेटच विचारलं. ती बराच वेळ देठं मोडत राहिली.

"तुला खरं सांगू का," ती म्हणाली. "तिथे बसले की पहिली काही मिनिटं बरं असतं. मग पाय बधिर होतात. मग कंबर. मग मी देवाबिवाला काही सांगत नाही, माझं सगळं लक्ष एवढ्यातच की हे संपतंय कधी. समोर तुझे बाबा बोलत असतात आणि मी मनात म्हणत असते, आटपा आता. अशी प्रार्थना करण्यापेक्षा घरी बसलेली काय वाईट?"

"हे बाबांना का नाही सांगत?"

"सांगून काय होणार आहे. ते म्हणतील मन लाव." तिने देठं कागदात गुंडाळली. "आणि तू पण सांगू नकोस. माझ्या नावावर भांडण नको. मी काही त्यांची तक्रार करत नाहीये."

बाईने आयुष्यभर रोज ज्या देवाशी बोलून दिवस काढले, त्याच्यापासून तिला पायाखालच्या फरशीने तोडलं होतं, आणि वर ही म्हणत होती की तक्रार नाही. मला त्या फरशीचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त तिचाच आला. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "भाजी धुऊन घे."

सेक्रेटरींनी एक वाट काढली. एकाच बाकावर नमुना बसवून बघू, चाचणी म्हणून, असं त्यांनी बाबांच्या गळी उतरवलं. बाबा म्हणाले, "बसवा. बसणार कोण आहे तिथे?" मी मधल्या ओळीतला एक बाक निवडला, पट्टी बसवली, चटई अंथरली, आणि पुढच्या प्रार्थनेच्या वेळी मागे उभी राहून बघू लागले.

सुरुवातीला त्या बाकाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग आत्या आली, इकडेतिकडे पाहिलं आणि टेकली. तिच्या चेहऱ्यावर काय पसरलं ते मी सांगू शकत नाही, पण ती उठली नाही. पुढच्या खेपेला ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "इथून आवाज नीट ऐकू येतो गं." औषधवाले काका तिच्या शेजारी आले. त्यांना तिथून छतावरचे पक्षी छान दिसत होते. त्या तरुण आईला बाळासाठी कडेची जागा हवी होती, आणि या बाकाची कड म्हणे इतर बाकांच्या कडेपेक्षा सोयीची होती. चौथ्या माणसाला खांब आड येत नव्हता. पाचव्याला काय झालं होतं ते त्याने सांगितलं नाही, तो नुसता घुसला. महिना उलटायच्या आत त्या एका बाकावर माणसं अशी दाटीवाटीने बसायला लागली की श्वास घ्यायला पाळी लावावी लागावी. आजूबाजूचे बाक रिकामे, आणि थंडी अजूनही कोणालाच वाजत नव्हती.

एकदा त्या बाकावरून दोन सभ्य गृहस्थांत जागेवरून शब्दाला शब्द वाढला. प्रार्थनेच्या आधी, भर प्रार्थनागृहात. बाबांना निमित्त मिळालं.

"देवापुढे सगळे सारखे," ते समितीत म्हणाले. "एक बाक गरम आणि बाकीचे गार, हे चालायचं नाही. काढून टाका."

"नाहीतर सगळे गरम करा," मी म्हटलं.

"कोणासाठी? एकाने तरी तोंड उघडलं का?" ते माझ्याकडे वळले. "ठीक आहे. मी सगळ्यांसमोर विचारतो. पुढच्या प्रार्थनेनंतर. ज्याला थंडी वाजते त्याने हात वर करावा. हात वर झाले तर तुझं काम मंजूर. नाहीतर ती पट्टीही निघेल आणि हा विषय माझ्या हयातीत पुन्हा निघणार नाही. कबूल?"

काय कबूल म्हणणार? एकही हात वर होणार नाही हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी कबूल म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर पट्टी त्याच दिवशी निघाली असती.

आदल्या दिवशी जेवताना बाबा खुशीत होते. आई वाढत होती. ते म्हणाले, "उद्या सगळं मिटेल. बघ तू, एक हात वर होणार नाही. आपली माणसं अजून तेवढी खंबीर आहेत." आईने डाव पातेल्यात ठेवला आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली, तिसऱ्याच कोणाला तरी बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी बाबा दाराशी थांबले आणि सवयीने म्हणाले, "येतेस?"

"येते," आई म्हणाली. कोट तिने आधीच घातला होता.

बाबांना इतका आनंद झाला की ते रस्ताभर बोलत होते. आत शिरल्यावर मी आईला गरम बाकाकडे नेऊ लागले, तिथे आत्याने सरकून जागाही केली. आई तिकडे गेली नाही. ती तिच्या नेहमीच्या जागी, खांबाशेजारी, उघड्या गार बाकावर जाऊन बसली. तासभर बसली. मी तिचे पाय बघत होते. आधी तिने ते एकमेकांवर घेतले, मग बाकाखाली ओढले, मग पंजे उचलून टाचांवर धरले.

प्रार्थना संपली. बाबा समोर उभे राहिले आणि त्यांनी सगळा विषय अगदी न्यायाने मांडला, माझी बाजूसुद्धा. मग म्हणाले, "ज्यांना इथे बसताना थंडी वाजते त्यांनी हात वर करावा."

औषधवाले काका छताकडे बघायला लागले. आत्याने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. सेक्रेटरींचा हात कोटाच्या खिशात होता आणि तो तिथेच राहिला. मी इथली, पण काम माझंच, त्यामुळे माझा हात मोजायचा नाही असं आधीच ठरलेलं. मला ओरडावंसं वाटत होतं.

"म्हणजे कोणालाच नाही," बाबा म्हणाले.

तेव्हा खांबाशेजारी एक हात वर झाला.

बाबांना आधी कळलंच नाही. "तुला काही विचारायचंय का?"

"नाही. तुम्ही विचारलंत ना, थंडी कोणाला वाजते." आई उभी राहिली. "मला वाजते."

सगळ्या माना वळल्या. बाबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. घरातलं काहीतरी चारचौघांत उघडं पडल्यावर माणूस जसा होतो, तसे ते झाले.

"तू घरी कधी बोलली नाहीस."

"घरी वाजत नाही."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बाबांनी स्वतःला सावरलं. "एक हात," ते म्हणाले. "एका हातावर एवढं काम काढता येत नाही. ठराव बारगळला."

"मग त्या एकीने काय करायचं, ते पण सांगून टाका."

"घरी बसावं हवं तर," बाबा म्हणाले. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनाही ते ऐकू आले असावेत, पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नाही.

आईने कोटाची बटणं लावली, एकेक करून, सावकाश. "घरी बसले होते," ती म्हणाली. "वर्षभर बसले. आता नाही बसायची."

त्या दिवसानंतर घरात अबोला सुरू झाला. बाबा मला म्हणत, "आईला सांग, मीठ कमी आहे." आई समोर बसून मला म्हणे, "त्यांना सांग, डबा तिथेच आहे." पट्टी मी काढून आणली होती आणि ती माझ्या गाडीत मागे पडून होती. मला वाटलं, संपलं. आईने एकदा बोलून घेतलं, आता ती पुन्हा देठं मोडत बसेल. मी माझ्या आईला ओळखत नव्हते.

आमच्या प्रार्थनेत शेवटी काही मिनिटं शांततेची असतात. सगळ्यांनी डोळे मिटायचे, मनात असेल ते देवाला सांगायचं, आणि बाबांनी समारोपाचे शब्द म्हटले की मगच उठायचं. पुढच्या खेपेला ती शांतता सुरू झाली. कोणीतरी खोकलं, मग तेही थांबलं. आणि खांबाशेजारून, दुकानदाराला सामान सांगावं अशा साध्या आवाजात, आई म्हणाली, "मला थंडी वाजते."

मी डोळे उघडले. सगळ्यांनीच उघडले होते, फक्त आईचे मिटलेले होते.

त्या दिवशी बाबांनी अबोला मोडला. रस्त्यातच म्हणाले, "हा काय तमाशा? सगळ्यांसमोर मला बोल लावतेस?"

"मी तुमच्याशी बोलतच नव्हते," आई म्हणाली. "मी देवाशी बोलत होते. मनात असेल ते सांगायचं ना तेव्हा? माझ्या मनात तेवढंच होतं. तुम्ही मध्ये कशाला ऐकता?"

"मोठ्याने कशाला?"

"इतकी वर्षं हळू सांगून बघितलं."

समितीतल्या एकदोघांनी बाबांना सुचवून पाहिलं की वहिनींना समजवा, पण वहिनींना काय समजवायचं ते कोणाला सुचेना. शांततेत मोठ्याने बोलू नये असा नियम कोणी केलेलाच नव्हता, कारण असलं कोणी करेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या खेपेला तिने पुन्हा तेच केलं. तेच वाक्य, तोच आवाज, एक शब्द जास्त नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही. मी तिच्या शेजारी बसायला लागले होते, आणि प्रत्येक वेळी तिने तोंड उघडायच्या आधी मीच बाकाची कड घट्ट धरायचे. ती मात्र आता ताठ बसायची. पाय गारठलेलेच होते, पण प्रार्थना तिला परत मिळाली होती, निदान तेवढ्या एका वाक्यापुरती.

मग कडाक्याच्या थंडीचा तो आठवडा आला. खिडक्यांना आतून पाणी सुटलं होतं आणि बाक हाताला ओले लागत होते. आत्या त्या दिवशी काठी घेऊन आली होती. शांतता सुरू झाली. आई म्हणाली, "मला थंडी वाजते."

आणि मग, थोडं थांबून, मागून औषधवाल्या काकांचा आवाज आला. "मला पण. गुडघ्यांना फार."

बाळ कुरकुरलं. त्याची आई म्हणाली, "याला वाजते. आणि मला." सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "मलाही वाजते. पहिल्या दिवसापासून." मग आत्या. "मी उकडतं म्हणाले होते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मला कधीच उकडलं नाही रे देवा." ते तिने खरोखरच देवाला सांगितलं, अगदी तोंडावर सांगावं तसं. त्यानंतर या बाकावरून, त्या बाकावरून, कोणी पुटपुटत, कोणी चिडून, एकेक जण सांगायला लागला. कोणाची पाठ, कोणाची बोटं. कोणी फक्त "हो" म्हणालं. मला रडू येत होतं आणि मी ते पुसलं नाही.

हळूहळू पुन्हा शांत झालं. आता फक्त समारोप राहिला होता, आणि तो बाबांनी करायचा होता. ते समोर उभे होते, हात पाठीमागे बांधून, जसे मी त्यांना कायम पाहत आले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग बांधलेले हात सोडून पुढे आणले. बोटं पांढरी पडली होती.

"मला पण वाजते," बाबा म्हणाले. "लहानपणापासून वाजते."

सगळं प्रार्थनागृह विरघळलं. आत्या, त्यांची धाकटी बहीण, तोंडावर पदर धरून रडायला लागली. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "काम सुरू कर. सगळ्या बाकांना लाव." सेक्रेटरींनी तर टाळ्या वाजवायला हात वर केले होते. त्यांना वाटलं, इथे गोष्ट संपली. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि मी आईचा हात धरला.

तिने तो सोडवून घेतला आणि उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना आनंद होता ना दया.

"काम होईलच," ती म्हणाली. "ते आता मी करून घेईन. पण तुम्हाला वाजत होती, हे तुम्हाला माहीत होतं. मग मला इतकी वर्षं इथे का बसवलंत?"

समारोपाचे शब्द बाबांनी म्हटल्याशिवाय आमच्यात कोणी उठत नाही, आणि ते म्हणत नव्हते. आईसुद्धा बसली नाही. ती उत्तरासाठी उभी होती, आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर तिथेच थांबलो.